पंचमीचा मुराळी

विहिणीला फोनवर सांगायचं ते चांगुणाबाईने सांगून टाकलं होतं, आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द माघारी घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता. "पंचमीला निकिताला न्यायला मुराळी येईल. आमची आरती येईल." पलीकडून पुष्पावतीबाई म्हणाल्या, "बघू की, कोन येतंय ते." या बोलण्याचा अर्थ काय लावायचा यावर चांगुणाबाईने चार दिवस डोकं शिणवलं आणि शेवटी तिला सोयीचा होता तो लावला.

लेकीला सासरहून माहेरी आणायला जातो तो मुराळी. तो भाऊच असतो, सख्खा नसेल तर चुलत. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला तर मुराळी दारात आल्याशिवाय पोरीने पाऊल उचलायचं नाही, मग नवऱ्याच्या दारात चार गाड्या उभ्या का असेनात. तिसगावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. अडचण एवढीच की रामहरी आणि चांगुणाबाईला दोन्ही मुलीच. थोरली निकिता वैशाखात श्रीरामपूरच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. धाकटी आरती पाथर्डीच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन नगरच्या एका वर्कशॉपात कामाला लागलेली. भाऊ म्हणायचा तर शेजारच्या घरातला, रामहरीच्या धाकट्या भावाचा, बजरंगचा मुलगा हर्षल.

निकिताच्या लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायला हर्षलच उभा राहिला होता. रीतच आहे, कान पिळायला भाऊ लागतो. पण तो एक कान बजरंगने तीन महिने गावभर मिरवला. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर, जिथे चार माणसं तिथे, "आमचा हर्षल हुता म्हणून निभावलं. न्हाईतर दादाच्या घरात कान पिळाया कोन हाय?" माणूस वाईट नव्हता. अडीअडचणीला पहिला धावून यायचा, फक्त धावून गेल्याचं गावभर सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. हे बोलणं चांगुणाबाईच्या कानावर आलं त्याच दिवशी तिने ठरवलं, पंचमीला मुराळी निघेल तो माझ्या उंबऱ्यातून निघेल.

आणि निघालाही होता. आदल्या दिवशी, चतुर्थीला सकाळी, आरती बापाची जुनी जीप घेऊन निघाली ती मिरीच्या पुढे जाऊन थांबली. इंजिनाच्या पुढच्या तोंडावर जी जड पुली असते, जिच्यावरून पट्टा फिरतो, तिच्या दोन लोखंडी कड्यांच्या मध्ये रबर असतं. ते रबर बावीस वर्षं रामहरीबरोबर तिसगाव-पाथर्डी फेऱ्या करून करून थकलं होतं, ते फाटलं. बाहेरचं कडं आतल्याला सोडून वेडंवाकडं गरगरायला लागलं, पट्टा उडाला, इंजिन तापलं. जीप ट्रॅक्टरच्या मागे बांधून घरी आली, आणि अख्ख्या गल्लीने ती तशी येताना बघितली.

आरतीने मात्र हातपाय गाळले नाहीत. तशीच एसटीने नगरला गेली, नवी पुली घेतली, वर्कशॉपातून एक हातभर लांब आट्यांचा बोल्ट आणि दोन-चार हत्यारं मागून घेतली आणि दिवस असतानाच परत आली. रेडिएटर उतरवला, पुलर लावून जुनी पुली काढली. नवी पुली पुसून, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली. "सकाळी बसवते," म्हणाली आणि जेवून झोपली. चांगुणाबाईला मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी आठलाच बजरंग अंगणात हजर. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. रामहरी बाजेवर काळा चष्मा लावून बसला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते, गाडीला हात लावायची डॉक्टरची बंदी होती.

"दादा, वयनी, माझं ऐका," बजरंग म्हणाला. "पोरीची पैली पंचमी हाय. तिकडं ती बॅग भरून बसली आसंल. हर्षल गाडी काढतोय."

"आरती जायाची हाय," चांगुणाबाई म्हणाली.

"कशावर बसून? जीपचं त्वांड उघडं पडलंय."

रामहरीने घसा साफ केला आणि पहिल्यांदाच मध्ये पडला. "बारापर्यंत वाट बघू. बारापर्यंत जीप चालू झाली तर आरती जाईल. न्हाई झाली तर हर्षल जाईल. पोरीला वारुळाला जायाच्या आत घरी आनायची, बाकी समदं मागनं." हे इतकं सरळ होतं की चांगुणाबाईला मान डोलवावीच लागली. पण बारा वाजता हर्षल निघाला की तो पुढची वीस वर्षं मुराळी, आणि बजरंगच्या तोंडाला पुढची वीस वर्षं काम.

आरतीने जीपपुढे पोतं अंथरलं. अंगात बापाचा जुना शर्ट, वेणी वर बांधलेली. देवळीतून पुली आणली, फडकं सोडलं. लांब बोल्ट इंजिनाच्या मधल्या दांड्याच्या तोंडात पिळून बसवला, त्यावरून पुली सरकवली. दांड्यावर एक छोटी लोखंडी चावी असते, ती पुलीच्या आतल्या खाचेत बरोबर यावी लागते. तिने डोळा लावून खाच जुळवली, वरून वॉशर आणि नट घातला. मग पाना लावून नट पिळायला लागली. नट आत जाईल तशी पुली एकेका केसाने पुढे सरकत होती.

चांगुणाबाई चुलीपाशी दिंडं करत होती. पंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं तेवढी पाण्याच्या वाफेवर शिजवायची. पण तिचा एक डोळा दिंडांवर आणि एक जीपवर. शेजारची कडूबाई कुंपणावरून विचारून गेली, "काय गं, पंचमीला नट-बोल्ट खोलाया चालतं का?" चांगुणाबाईने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला. "पिळलेलं चालतं. ठोकलेलं चालत न्हाई." हा नियम तिने तिथल्या तिथे काढला होता, पण सांगितला असा की जणू सात पिढ्यांचा आहे.

दहा वाजता नट अडला.

आरतीने पुन्हा जोर लावला. पाना करकरला, पुली जागची हलली नाही. अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि बारीक बघितलं तर एका बाजूला किंचित झुकलेली. आरतीने पाना खाली ठेवला आणि कपाळाचा घाम मनगटाने पुसला. तिचा चेहरा बघून चांगुणाबाईच्या हातातलं दिंड हातातच राहिलं.

बजरंग गेलेला नव्हताच. तो लगबगीने आपल्या घरात गेला आणि घण घेऊन आला.

"सरक बाजूला. लाकडाची फळी धर पुढं, दोन घाव टाकतो, गपकन बसंल. आमच्या ट्रॅक्टरची आशीच बसीवली हुती."

"नाना, ठोकायची नसती," आरती म्हणाली. "मधी रबर हाय, त्ये सुटंल. आन घावाचा दणका दांड्यातनं आत जातो, आतलं बेअरिंग दुखावतं. आज बसंल, म्हैन्याभरात इंजिन जाईल."

"आगं, शाळंत शिकीवतात ते येगळं, आन हातानं करायचं येगळं. धर फळी."

"न्हाई नाना."

"तुला कळत न्हाई." बजरंगने फळी स्वतःच उचलली आणि पुलीवर टेकवली. घण वर गेला. आरती मध्ये हात घालणार, तेवढ्यात चुलीपासून आवाज आला. तो आवाज खालच्या आळीपर्यंत गेला असणार.

"भाऊजी! आज पंचमी हाय! आज माझ्या दारात ठोका पडला तर बघा. नागोबाला घाव बसंल, आन तो तुमच्या हातनं बसंल!"

बजरंगचा घण जिथे होता तिथेच थांबला. गेल्या श्रावणात गोठ्यात निघालेल्या नागापासून त्याने त्या देवाशी सलोखा ठेवला होता, आणि घरात छबूबाई, त्याची बायको, नागोबाला त्याच्याहून जास्त मान द्यायची. त्याने घण सावकाश खाली उतरवला आणि मातीवर असा ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही.

आरती आईकडे बघून हसली. हसण्यात थोडा राग होता. "माजं दोन वर्साचं शिक्षान नानांनी ऐकलं न्हाई. तुझा नागोबा एका हाकंत ऐकला."

"ऐकला न्हवं? मग बास झालं," चांगुणाबाई म्हणाली. "तू आता काय करनार?"

"काढनार. आडली म्हंजी काय तरी आडवं हाय. जोर करून उपेग न्हाई."

बजरंगला बोलायला जागा हवीच होती. "मी सांगतो काय हाय त्ये. माप चुकलं. दुकानात पोरगी गेली की कायबी गळ्यात मारत्यात. पार्ट आनायचा तर मानूस बरूबर न्यावा लागतो. दादा, साडेदहा झाले. मी हर्षलला गाडी पुसाया सांगतो." काळ्या चष्म्याआड रामहरीला काय वाटत होतं ते कुणाला दिसलं नाही, पण त्याचा हात बाजेच्या कडेवर घट्ट आवळला होता.

आरतीने नट सोडला, पुलर लावला, पुली परत बाहेर ओढली आणि उजेडात धरली. आतल्या गोल भोकात बोट फिरवलं. बोट लाल झालं. ते लाल चिकट होतं, त्याला गुळाचा वास होता. खाचेच्या कोपऱ्यात तिने पिनेचं टोक घातलं आणि तिथून ज्वारीचा एक न फुटलेला दाणा निघाला, टणक, चेपून बसलेला.

चांगुणाबाईने तो दाणा ओळखला. पहाटे ती उठली होती. पाटावर नागोबा काढला, त्याला दूध, गूळ, लाह्या वाहिल्या, हळदकुंकू वाहिलं. आणि मग तिला वाटलं, घरात नवं लोखंड आलंय, देवळीतच आहे, त्यालाही लावावं. फडकं सोडून तिने पुलीला कुंकू लावलं, दुधाचा हात लावला. बाहेरून लावलं ते लावलं, पण काम तर आतच होतं, म्हणून पूजेतल्या चार लाह्या चिमटीत धरून तिने त्या आतही फिरवल्या. फडक्याने वरचं पुसून घेतलं, पुन्हा होतं तसं गुंडाळून ठेवलं आणि मनापासून हात जोडले. बाईच्या जिवाला तेवढंच बरं वाटलं होतं.

आता कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. आरतीने एकदा आईकडे बघितलं, तिला सगळं कळलं, आणि ती मुकाट्याने फडकं शोधायला लागली. बजरंग मात्र अजून दुकानदाराच्या आणि आरतीच्या नावाने तोंड चालवत होता. माप चुकलं, पोरीच्या जातीला पार्ट कळत नाही, मी आधीच म्हणत होतो.

चांगुणाबाईला वाटलं, गप्प बसावं. घटकाभर गप्प बसलं की निभावतं, आणि बजरंगपुढे खाली बघायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती. पण गप्प बसलं तर चूक आरतीच्या अंगाला चिकटत होती, आणि ती तिथून पुन्हा निघणार नव्हती. गावात असंच असतं. चांगुणाबाईने पदराला हात पुसले.

"भाऊजी, माप बरूबर हाय. आरतीनं बरूबर पार्ट आनला. मी पहाटं त्येची पूजा केली, आत लाह्या घातल्या. मी खुळी. माझ्यामुळं आडलं."

बजरंग आ वासून बघत राहिला, मग जो हसत सुटला तो थांबेना. "इंजिनाला लाह्या! वयनी, दूधबी पाजलं का?" कुंपणापलीकडे कडूबाईही हसली. चांगुणाबाई ताठ उभी राहिली आणि तिने ते सगळं हसू अंगावर घेतलं. एरवी तिने कुणाचं अर्धं हसू ऐकून घेतलं नसतं.

"तू खुळी न्हाईस," आरती म्हणाली. "मी चढवायच्या आधी बोट फिरवून बघाया हवं हुतं. फडकं कुनी सोडलं का न्हाई ह्याच्यावर भरवसा ठेवायचाच नसतो. चूक माझी हाय. आता मला ते दिंडाखालचं पानी दे, उकळतं. पुली जरा गरम झाली की पसरती, सुखानं चढती."

दिंडं परातीत उतरवली गेली. आरतीने डिझेलच्या फडक्याने पुली आतून लख्ख केली, दांडा पुसला, आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून असतं ते रबरी सील बोटाने चाचपलं, ते शाबूत होतं. मग पुली उकळत्या पाण्यात सोडली. थोड्या वेळाने सांडशीने काढली, कोरडी केली, तेलाचा पातळ हात फिरवला, आणि या वेळी चढवण्याआधी आतून बोट पूर्ण गोल फिरवून घेतलं. खाच जुळली. नट पिळला गेला. एकेका वेढ्याला पुली मुकाट सरकत राहिली आणि शेवटी आत टेकली तेव्हा एक बारीकसा, भरलेला आवाज आला.

"बसली," रामहरी बाजेवरून म्हणाला. तिथून पुली दिसत नव्हती, त्याने फक्त आवाज ऐकला होता.

"बसली आण्णा. आता मेन बोल्ट आवळायचा हाय. दांडा फिराया नको, म्हणून गाडी टापच्या गिअरात टाकून ब्रेक दाबाया लागंल. नाना दाबत्याल का?"

"मी दाबते," चांगुणाबाई म्हणाली.

बावीस वर्षं ती जीप या दारात होती, आणि चांगुणाबाई कधी ड्रायव्हरच्या जागेवर बसली नव्हती. ती चढली, लुगड्याचा घोळ आवरला, आरतीने दाखवलेल्या पायपट्टीवर दोन्ही पाय ठेवले आणि स्टेअरिंगला असं धरलं की जीप पळून जाईल. पुढे आरतीने पान्याला लांब पाइप लावला. "दाब आई! अजून! सोडू नको!" चांगुणाबाईने सगळा जीव पायात आणला. तीन महिन्यांचं सगळं त्या ब्रेकवर निघत होतं. आरती पाइपावर ओणवी झाली, बोल्ट आवळत गेला, आवळत गेला आणि थांबला.

पुढचं पाऊण तासात उरकलं. पट्टा चढला, रेडिएटर बसला, पाणी भरलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा आरतीने चावी फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं आणि लागलं. सगळे वाकून पुढे बघायला लागले. कालपर्यंत डुगडुगणारी पुली आता इतकी सरळ फिरत होती की ती फिरते आहे हे पट्ट्याकडे बघूनच कळावं. रामहरी कान देऊन ऐकत होता. "माझ्या हातात हुती तवाबी आशी चालत न्हवती," तो म्हणाला, आणि चष्म्याखाली बोट घालायची बंदी आहे हे विसरून त्याने डोळा पुसला.

बजरंग खिशातल्या किल्लीशी खेळत होता. "चालली खरी," तो म्हणाला. मग जीपभोवती एक चक्कर मारून आला आणि पुन्हा म्हणाला, "चालली."

आरतीने हात घासले, निकिताच्याच लग्नात घेतलेला ड्रेस घातला, आणि जीप गल्लीतून गेली. काल ज्यांनी ती ट्रॅक्टरमागे येताना बघितली होती ते आज बघायला बाहेर नव्हते, याचं चांगुणाबाईला वाईट वाटलं.

दुपार काही सरता सरेना. पिंपळाला झोका बांधला गेला, माहेरवाशिणी जमल्या, हातावरच्या मेंद्या एकमेकींना दाखवून झाल्या. "निकिता न्हाई आली?" असं तीन जणींनी विचारलं आणि तिघींना चांगुणाबाईने एकच उत्तर दिलं, "मुराळी गेलाय आणायला." पण मनात तिला पुष्पावतीबाईंचं ते "बघू की" टोचत होतं. पोरगी मुराळी म्हणून दारात उभी राहिली आणि त्यांनी चहापाणी करून, तोंड वाकडं करून निकिताला पाठवलं तर? तसं झालं तर पुली बसूनही काही बसलं नाही. जीप चालवून कुणीही कुणाला आणतं, पण मुराळी व्हायला समोरच्याने मान द्यावा लागतो. तो मान पान्याने पिळून घेता येत नाही.

साडेपाचला बायका ताटं घेऊन वारुळाकडे निघायच्या बेतात होत्या तेव्हा हॉर्न वाजला. चांगुणाबाई दारात आली. अंगणात बजरंग, हर्षल, छबूबाई, सगळे उभे होते. जीप वळली आणि थांबली. पलीकडून निकिता उतरली, हिरवी साडी, हातभर चुडा, डोळे भरलेले. अलीकडून आरती उतरली.

आरतीच्या डोक्यावर पांढरीशुभ्र कडक टोपी होती. खांद्यावर नवा टॉवेल. कपाळाला गंध, त्यावर अक्षता. मुराळ्याला पाटावर बसवून, पाय धुवून, टोपी-टॉवेल देऊन वाटेला लावतात ती सगळी रीत तिच्या अंगावर दिसत होती.

"आई," निकिता पायरीवरच म्हणाली, "मी काल भावाचा उपास धरला. सासूबाईंनी इचारलं, कुनासाठी? मी म्हनलं, माझ्या आरतीसाठी. त्या काय बोलल्या न्हाईत. आन आज ही आली, तर हिच्या नखातलं काळं बघून इचारलं, ह्ये काय? मी सांगितलं समदं. मग त्यांनी मामंजींना दुकानात पिटाळलं, नवी टोपी आनाया. म्हनल्या, मुराळ्याला मोकळ्या डोक्यानं पाठवायची आमच्याकडं पद्धत न्हाई."

चांगुणाबाईला काहीतरी मोठं बोलायचं होतं, बजरंगकडे बघून बोलायचं होतं, त्यासाठी तिने तीन महिने वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. तिने पाण्याचा तांब्या घेतला, दोघी लेकींवरून ओवाळला, आधी मुराळ्यावरून आणि मग माहेरवाशिणीवरून. ऊर इतका भरून आला होता की पाणी अर्धं स्वतःच्याच पायावर सांडलं.

"उन्हातानाची आलीस," ती आरतीला म्हणाली. आरतीने टोपी काढायला हात वर नेला.

"काढू नको," चांगुणाबाई म्हणाली. टोपी मोठी होती, कानावर येत होती. तिने ती दोन्ही हातांनी सरळ केली आणि पूजेचं ताट निकिताच्या हातात दिलं. "वारुळापातूर आशीच चल. मधल्या गल्लीनं जाऊ."

मधली गल्ली म्हणजे लांबचा रस्ता होता, सगळ्या गावातून जाणारा.